दुसरा ठोका

सोमवार, ४
आज कामावर रुजू झाले. नशीब फळफळलं म्हणायचं. वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली, पूर्वेची खिडकी, लिहायला टेबल. ज्यांची शुश्रूषा करायची त्या काकू निवृत्त मुख्याध्यापिका. हार्ट अ‍ॅटॅकमध्ये त्यांच्या हृदयाचा एक भाग मेला होता; तिथं प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायूपेशींचं ठिगळ लावलंय. मी नाडी, रक्तदाब, औषधं बघायची. मला पाहताच म्हणाल्या, अक्षर चांगलं असेल तरच राहा. ही वही दाखवली. पास झाले.

त्यांच्या मुलीनं, ताईंनी, निघताना मला फाटकापाशी थांबवलं. त्या पेशी त्यांच्या धाकट्या भावाच्या. तो त्याच प्रयोगशाळेत कामाला होता, संशोधनासाठी स्वतःच्या त्वचेचा तुकडा दिला होता. त्यातून स्टेम सेल तयार करून गोठवून ठेवल्या होत्या. गेल्या वर्षी तो अपघातात गेला. मायलेकांत तीन वर्षं अबोला होता. म्हणून आईला यातलं अक्षरही कळता कामा नये, म्हणाल्या.

बुधवार, १३
नाडी ७२. पण मधेच एक हलका, घाईचा ठोका लागतो. डॉक्टरांना फोन केला. नव्या पेशी सुरुवातीला आपल्याच तालावर चालतात म्हणाले. नवी सून समजा, रुळेल हळूहळू, असं हसत म्हणाले. मलाही हसू आलं. काकू आज जिना चढल्या, न थांबता.

शनिवार, २३
दुसरा ठोका आता वेगळा मोजता येतो. ९६. काकूंना डुलकी लागली की पहिला साठावर येतो, दुसरा तसाच. टक्क जागा. जेवताना त्यांनी तिसरं ताट मांडायला सांगितलं. कोण येणार, विचारलं. धाकटा कधीचा आलाय, अजून बोलत नाही एवढंच, म्हणाल्या.
ताईंना फोन केला. त्या शपथेवर सांगतात, आईला कुणी काही बोललेलं नाही.

मंगळवार, २६
दुपारी काकू त्याची समजूत घालत बसल्या होत्या. मग मला म्हणाल्या, ‘मीच म्हटलं होतं, या घराची पायरी चढू नकोस. नाही चढला. इथं येऊन बसलाय.’ आणि छातीवर हात ठेवला.
माझी बोटं त्यांच्या मनगटावर होती. दुसरा ठोका १३०.

गुरुवार, २८
डॉक्टर येऊन गेले. खूश होते. हृदय उत्तम, मेलेला भाग शोधूनही सापडत नाही. ठिगळ कुठलं, कापड कुठलं, ओळखू येत नाही म्हणाले.
पहिला ठोका ५४. तेही सांगितलं. ते ईसीजीची पट्टी बघत राहिले.

शनिवार, ३०
पहिला ४१. काकू जेवत नाहीत. त्याला जागा करून द्यायचीय म्हणतात.
ताईंना निघून यायला सांगितलंय.

रविवार, ३१
३२. काकूंनी विचारलं, तुला ऐकू येतं का तो काय म्हणतो ते. नाही म्हटलं.
खोटं बोलले.

सोमवार, दुपार
काकू गेल्या. ११.४०. श्वास नाही. बुबुळांवर टॉर्च मारला — काही नाही. डॉक्टर वाटेत आहेत.
पहिला ठोका बंद. दुसरा चालू आहे. १३० —
डाव्या हातानं लिहितेय. उजवं मनगट त्यांच्या मुठीत — सुटत नाही. अंग गार पडलं, मूठ गरम —
जिन्यावर ताई. आईला हाका मारतायत.
मान वळली. दाराकडे. तोंड उघडतंय — आवाज काकूंचा नाही — ताईला म्हणतोय, दार लावून घे, मी आता हे घर सोडून कुठं