सुपारीवाल्याचा लाल टाय

रविवार, संध्याकाळ

आज टीव्हीवर व्हिडिओ गेमवरून काढलेला सिनेमा लागला होता, सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्याचा. काळा सूट, लाल टाय. दहा जणांना लोळवलं तरी टायची गाठ हलली नाही! कॉन्व्हेंटात गाठ सैल दिसली की सिस्टर छडी मारायच्या, म्हणून मला कौतुक. तेवढ्यात सुनेनं टीव्ही बंद केला.

“आत्या, लई रक्त हाय. तुमच्या वयाला न्हाय झेपायचं. भजन लावते.”

“कंदुरीला बोकड कापला, तेव्हा दोनदा रस्सा घेतलास. ते बरं झेपलं!”

माझं वय हिनं ठरवायचं? रिमोट हिसकावला. मग तीच बोटांच्या फटीतून बघत बसली.

“मरतो का वो आत्या?”

“टाय बघ. तो सरळ आहे तोवर मरत नाही.”