खुंट्या वाटाण्यात आहेत

प्रिय चिंगे,

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू दोन हुंदके देतेस आणि मी पाघळते, हे तुला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. आणि नेहमीसारखं चाळून बाजूला ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आधी इकडची खबरबात. गारठा सरला. सकाळी पायऱ्यांवर दंव असतं, पण दहा वाजेपर्यंत विहिरीच्या कठड्यावर टेकून बसावं असं ऊन येतं. गुलाबांची छाटणी उरकली, काट्यांनी हातांची चाळण झाली. पाचही वाफे उकरून खत घातलं. गेस्टहाऊसच्या वरच्या खोलीत पक्षी बघणारं ते म्हातारं जोडपं उतरलंय. दुर्बिणीवरून दोघं लहान मुलांसारखी भांडतात. काल त्या आजी म्हणाल्या, आम्ही दर वर्षी येतो ते तुमच्या बागेसाठी, पक्षी काय मेले, कुठेही दिसतात. एरवी एवढ्यावर मी दिवसभर तरंगले असते. काल मात्र स्वयंपाकघरात गेले आणि पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत बसले.

महिन्यापूर्वी तू फोन केला होतास. म्हणालीस, ताई, माझ्या ओळखीचे एक गृहस्थ येताहेत, त्यांना बागेतलं कळतं, कोपरान् कोपरा दाखव. अगं, किती हरखले मी! आई गेल्याला अकरा वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत तू कधी बागेचं नाव काढलं नव्हतंस. मला वाटलं, सुचलं बाई आमच्या चिंगीला एकदाचं. गेस्टहाऊसमधली सगळ्यात चांगली खोली त्यांना उघडून दिली, पडदे धुतले, टेबलावर पहिली उमललेली फुलं ठेवली. हुरळली मेंढी आणि लागली लांडग्याच्या मागे, दुसरं काय!

त्या माणसाने एका झाडाचं नाव विचारलं असेल तर शपथ. खिशातून टेप काढली आणि म्हणाला, बाई, जरा हे टोक धरता का? धरलं. विहिरीपासून मागच्या भिंतीपर्यंत टोक धरून चालत गेले. टेप सरळ राहावी म्हणून माझ्याच वाफ्यातून गेले, नुकते वर आलेले लिलीचे कोंब माझ्याच चपलेखाली आले. मनात म्हणत होते, कारंजं बसवायचं असेल चिंगीला, नाहीतर फरशीची वाट करायची असेल. जाताना त्याने अकरा खुंट्या ठोकल्या, डोक्याला लाल रंग दिलेल्या, आणि गेला.

टोक धरून उभी होते तेव्हा मला काय आठवत होतं सांगू? आई पेरायला बसली की ओळ सरळ यावी म्हणून सुतळी ताणायची. एक टोक माझ्याकडे, एक तुझ्याकडे. तू पाचव्या मिनिटाला टोक सोडून पळायचीस. मांजर दिसलं, तहान लागली, कुठलंही निमित्त चालायचं. ओळ वाकडी व्हायची आणि ओरडा मी खायचे, कारण मी तिथे हजर असायचे. तेव्हा राग नाही यायचा गं. तू लहान होतीस.

खुंट्यांचं पुढे काय झालं ते ऐक. चार दिवसांत वाटाणा वीतभर वर आला. तो आपला बुटका वाटाणा, त्याला थोडासाच आधार लागतो. आणि ह्या खुंट्या छान तासलेल्या, टोकदार, वाफ्यांच्या मधोमध नुसत्या पायात येत होत्या. म्हटलं, माणूस काम संपवून विसरून गेला. अकराच्या अकरा उपटल्या, वाटाण्याच्या ओळीत रोवल्या, वरून सुतळी बांधली. त्या गृहस्थाला दुवासुद्धा दिला.

मंगळवारी तो परत आला, सोबत आणखी एक जण. दोघं वाकून वाकून बागभर काहीतरी शोधत होते. विचारलं तर म्हणे, हद्दीच्या खुंट्या कुठे गेल्या? मी हसत हसत वाटाणा दाखवला. तो पायरीवर मटकन बसला. मग त्यानेच सांगितलं, की विहिरीपासून मागचा सगळा भाग शेजारच्या नव्या हॉटेलला जाणार आहे, गाड्या उभ्या करायला. आणि म्हणाला, पण तुमची बहीण तर म्हणाली, ताईंना सगळं माहीत आहे. चिंगे, मी म्हटलं, हो, माहीत आहे. परक्या माणसासमोर तुला खोटं पाडवेना मला. दोघांना चहा दिला, फाटकापर्यंत पोचवलं, आणि मग अवजारांच्या खोलीत जाऊन पोतं तोंडाशी धरून रडले. वरच्या आजींना ऐकू जाऊ नये म्हणून.

केसाने गळा कापलास बाई. जागा आपल्या दोघींच्या नावावर आहे, तुलाही हक्क आहे, मी कधी नाही म्हटलं? येऊन समोर बसली असतीस आणि म्हणाली असतीस, ताई, मला गरज आहे, तर मी दोन दिवस आदळआपट केली असती, तिसऱ्या दिवशी हो म्हटलं असतं. आयुष्यभर हेच करत आलेय. पण तू मला विचारलं नाहीस, आणि वर माझीच बाग माझ्याच हाताने मोजून घेतलीस.

काल तुझं पाकीट आलं. आत कागद, सहीच्या जागी पेन्सिलीने फुली, आणि सोबत तुझी चिठ्ठी: ‘गेस्टहाऊसचा नेहमीचाच कागद आहे ताई, वाचत बसू नकोस, सही करून धाड.’ मी वाचला. दोनदा वाचला. तो ह्या पत्रासोबत परत पाठवतेय, सही न करताच. खुंट्या वाटाण्यात आहेत. वेलींनी त्यांना घट्ट धरलंय. त्या तू स्वतः येऊन सोडवायच्यास, एकही वेल न तोडता. मग टेप घे. हे टोक मी धरीनच, सवय आहे. दुसरं टोक तू धर, आणि विहिरीपासून भिंतीपर्यंत माझ्यासोबत चाल. सही करायची की नाही, ते मी भिंतीपाशी पोचल्यावर ठरवीन. मधेच टोक सोडून पळालीस, तर मात्र पुन्हा येऊ नकोस.

तुझीच, मनात नसतानाही तुझीच,
ताई