पत्रास कारण, तडकलेली वीट

कारखान्यांच्या बंदरावरून, ५ डिसेंबर १९७४

शिगेझोदादांना तोकुजीचा कमरेतून वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे यंदा बेताचाच). शोदोशिमा बेटावर थंडी पडली असेल, आपल्या अंगणात विकायच्या शेवया पडद्यांसारख्या वाळत लागल्या असतील. वहिनींचा गुडघा कसा आहे? आम्ही इकडे मजेत आहोत. म्हणजे चिझूचा खोकला सोडून. आठ वर्षांची पोर, खिडकी घट्ट लावून झोपते, तरी धुराड्यांचा धूर तिला हुडकून काढतोच.

त्याच धुरासाठी मी दोन वर्षं एक वीट करतो आहे. टायटॅनियम ऑक्साइडची पांढरी पूड, त्यात चिमूटभर व्हॅनेडियम ऑक्साइड, पाणी घालून मळायची आणि सोऱ्यातून काढावी तशी साच्यातून काढायची, की मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची वीट होते. मग वाळवून भाजायची. धुरात थोडा अमोनिया सोडून तो या भोकांतून नेला की त्यातल्या विषारी वायूची साधी हवा आणि वाफ होते, वीट मात्र आहे तशीच राहते. (आपल्या ओकिनोमावशीसारखी. चाळीस लग्नं जुळवली, स्वतः सडीफटिंग.)

अडचण एवढीच, की वीट भट्टीत जाण्याआधीच तडकते. गरम हवेचे तीन पंखे लावले, तर दुप्पट वेगाने तडकली. मध्येच अमोनियाची नळी सुटली, तेव्हा शेजारचा विभाग तीन दिवस आमच्या संडासाला नावं ठेवत होता. शेवटी आमचे साहेब कुरातासान यांनी देवळातून पुजारी आणला. (हसू नका, इथे नवं यंत्रही पूजेशिवाय चालू करत नाहीत.) त्याने कागदी झालरीची काठी हलवली, आम्ही माना लववल्या, आणि त्या शांततेत वीट टक्‌कन वाजली. पुजारी म्हणाला, "देवाने ऐकलं. उत्तरही दिलं."

वीस तारखेला कारखान्याचे मालक पाहायला येणार. विटा अखंड दिसल्या तर वसंतात धुराड्यावर चढतील, नाहीतर आमचा विभाग बंद आणि धूर आहे तसाच चालू. मला भीती वाटते, दादा.

परवा फुमिए डबा घेऊन आली. तुकडे पाहून म्हणाली, "अहो, या तर घाईत वाळवलेल्या शेवया! दादांनी बघितलं असतं तर तुमचा कान पिळला असता." मी म्हटलं, हे रसायनशास्त्र आहे. ती म्हणाली, "असेना का. त्यालाही वाळायला वेळ लागतोच की." बायकांना शास्त्रातलं काही कळत नाही.

असो. माझ्या विद्येवर माझा पूर्ण भरवसा आहे. तुमच्याकडे काही मागायचं नाही, खुशाली कळावी म्हणून लिहिलं.

तुमचा धाकटा,
तोकुजी

ता.क. शेवया पहिल्या दिवशी ओल्या फडक्याखाली किती वेळ झाकता? सहज विचारतो.

ता.क. दुसरा. सहज नाही. "जन्मभर पीठ मळणार नाही" म्हणून नऊ वर्षांपूर्वी मी घर सोडलं, आणि आता दोन वर्षं पीठच मळतो आहे. चुकलो, दादा. काल फुमिएने मला न विचारता एक वीट ओल्या पंच्याखाली, गार कोपऱ्यात ठेवली. आज ती अखंड निघाली. पण एकच. दोनशे लागतील, आणि त्याला तुमचे हात लागतील. वीस तारखेच्या आत या.

ता.क. तिसरा. तुम्ही येणार असं मी चिझूला सांगूनही टाकलं आहे. तिने विचारलं, "मोठ्या काकांच्या गावात खिडक्या उघड्या असतात?" असतात म्हणालो. तिने लगेच तुमचं अंथरूण खिडकीपाशी घातलं आणि म्हणाली, "मग आमची काकांनाच उघडू दे."