चार भिंतींवरची हाक

आई, काल औरंगपुऱ्यातल्या हॉलमध्ये माझा प्रयोग झाला. मी नेमकं काय करते, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. अंधारात लोक मधोमध उभे राहतात, वर माइक टांगलेले असतात, आणि कुणी आवाज काढला की त्याचे रंग त्याच क्षणी चारी भिंतींवर उमटतात. जाड आवाज निळा, चढा आवाज पिवळा. बाहेरगावी लोक गातात, ओरडतात. आपल्याच शहरात मात्र सगळे मिठाची गुळणी धरून उभे. आपल्या गल्लीतल्या काकूंना मी मुद्दाम बोलावलं होतं. गल्लीच्या जागी आता फ्लॅट झालेत, काकू शहराच्या चार टोकांना पांगल्यात. रिक्षा करून आल्या आणि पदर तोंडाला लावून गप्प. भिंती काळ्याच. परक्यांपुढे फजिती झालेली चालते, घरच्यांपुढे नाही.

तेव्हा मला दुष्काळातलं आपलं स्वयंपाकघर आठवलं. टँकर दिसला की हाक द्यायचं काम गल्लीनं तुझ्यावर सोपवलेलं, आणि जी आधी ओ देईल तिची घागर आधी. एकदा तव्यावर भाकरी असते म्हणून तू मला दारात पाठवतेस. मी हाक मारते, कुणीच ओ देत नाही. तू आतूनच खेकसतेस, "पोटातून बोल की! नाकातून काय बोलायलीस?" आणि जागेवरून न उठता अशी हाक देतेस की टँकरवालाही दचकतो.

काल मी माइकखाली उभी राहिले आणि पोटातून ओरडले, "टँकर आला गंऽऽ!" मागून लगेच, "आले गं, आले!" मग दुसरी, तिसरी. एक काकू तर दाराकडे निघाल्यासुद्धा. "पहिला नंबर माझा हाय!" "नाय, आधी मी ओ दिली!" भांडण जुंपलं आणि चारी भिंती पिवळ्याधमक झाल्या. मग तरुण पोरंही हसत हसत ओरडायला लागली. इतक्या भरलेल्या भिंती मी कुठल्याच शहरात पाहिल्या नाहीत. तुझी मुलगी म्हणून काल लई मिरवले गं मी.

निघताना एका काकूंनी मला जवळ ओढलं. "आवाज अगदी आईचाच हाय तुझा."

"खरंच?"

"व्हय की. डोळे मिटले तर तीच."

हे पत्र कुठं टाकणार, कपाटातच राहील, म्हणून सांगते. मी ते 'खरंच?' खरंच विचारलं होतं. तुझे शब्द मला सगळे आठवतात. आवाज आठवत नाही.