ठिकाण क्रमांक चार, दुरुस्तीसाठी बंद

३ जुलै, सोमवार

छापून आलं! ‘मोंबासात येणाऱ्यांसाठी अकरा सूचना’. नऊ हजार प्रती, गुळगुळीत कागद. लेखिकेचं नाव नाही — बरंच झालं.

किनारा स्वागत मंडळाचा म्वाचिरो दोन महिन्यांपूर्वी आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आला होता. (इथे बाईला मानानं ‘बी’ म्हणतात.) “बी आस्या, दर शुक्रवारी आम्हाला फुकट शिव्या घालता. एकदा पैसे घेऊन चार शब्द बरे लिहा की!” लिहिले. सुटे पैसे जवळ ठेवा. टुकटुकचं भाडं बसण्याआधी ठरवा. बसल्यावर ठरतं ते भाडं नव्हे, खंडणी. फेरीबोटीवर पाकीट पुढच्या खिशात. फोटो काढण्याआधी माणसाला विचारा, मांजरांना नाही विचारलंत तरी चालेल.

तिसरी सूचना माझी लाडकी — वाट विचारण्याआधी तब्येत विचारा, मग घरच्यांची खुशाली, मग आज वारा कसा आहे ते. थेट वाट विचारणाऱ्याला इथे कुणी वाट सांगत नाही. सांगितली तर ती दुसरीकडेच जाते.

चौथी — जुन्या शहरात नकाशा चालत नाही. चुकलात तर हिरव्या नक्षीदार दारापुढच्या ओट्यावर पांढऱ्या पायघोळ कांझूतले एक वयस्क गृहस्थ दिसतील. सकाळच्या नमाजापासून सूर्यास्तापर्यंत तिथेच असतात. त्यांना विचारा.

म्हणजे आमचे फराजीमामा. ते खाली राहतात, मी वर. गंमत म्हणून घातलं, दुसरं काय! पण खोटंही नाही. आमच्याकडे पत्ता असाच सांगतात — शेबे बसतो तिथून वळ, हमादीच्या कॉफीच्या किटल्या दिसल्या की थांब. गल्लीला नाव असतं हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

५ जुलै, बुधवार

पहिलं गिऱ्हाईक! दोन गोऱ्या बायका, हातात पत्रक. एकीनं बोट ठेवून तिसरी सूचना वाचली आणि मामांना विचारलं — तब्येत कशी आहे?

मामांनी सांगितली. पाऊण तास! डावा डोळा कसा गेला, उजव्यात मोतीबिंदू कसा वाढला, परगावचे डॉक्टर वर्षातून दोनदाच, दीड-दोन महिन्यांसाठी, कसे येतात आणि एकोणीस तारखेला ऑपरेशन कसं ठरलंय. बायकांनी शेवटपर्यंत ऐकलं. वारा विचारायचा राहिला म्हणून एक परत आली.

डॉक्टर गेल्या महिन्यात तपासताना मला बाजूला घेऊन म्हणाले होते, “हा पार पिकलाय. या खेपेला काढला नाहीत तर पुढच्या खेपेला काढायला डोळाच उरणार नाही.” मोजून चौदा दिवस.

६ जुलै, गुरुवार

पिवळ्या टोपीचा एक माणूस खिडकीखालून दोनदा गेला. पाव तासाच्या अंतरानं, त्याच दिशेनं. आमची गल्ली एवढी आवडण्यासारखी आहे? मला पन्नास वर्षांत तसं वाटलेलं नाही.

८ जुलै, शनिवार

मामा बिघडले. कांझूला इस्त्री. दाढीला मेंदी. दुपारचं जेवणही ओट्यावर — तळलेल्या महामरी-पुऱ्या आणि नारळातल्या तुरी — आणि घास हातात धरून गल्लीच्या तोंडाकडे कान.

“आत येऊन जेवा ना, मामा.”

“आणि कुणी आलं तर?”

“तर येईल आणि जाईल.”

“कुठे जाईल? वाट कोण सांगणार? सूर्यास्तापर्यंत असं छापलंय, पोरी. सरकारनं छापलंय.”

“मी लिहिलंय ते!”

“मग तुला तर जास्त लाज पाहिजे.”

हमादी किटली ठेवून हसतोय. त्याची कॉफी दुप्पट खपते. त्याला काय, उद्या मामांना त्या ओट्यात चुन्यानं बसवलं तरी चालेल.

१० जुलै, सोमवार

शरीफांच्या घरी लग्न. तीनशे पानांची बिर्याणी. दुपारी नवरीची आई आमच्या दारात — कमरेवर हात!

“आस्या, तुझ्या मामाला सांग, आमच्याकडे बोलावणं आम्ही करतो. आत्तापर्यंत बावीस परदेशी पाठवलेत!”

“मग परत पाठवायचे ना!”

“जेवणाच्या वेळी दारात आलेल्याला? तुझं डोकं फिरलंय का? बसवले, वाढलं. एकीनं कोपरापर्यंत मेंदी काढून घेतली. नवऱ्या मुलाच्या आत्याला वाटलं, ही आपल्याच बाजूची. आमच्या बाजूला वाटलं, त्यांची. अहेराचं पाकीट देऊन गेली, बिचारी!”

मामांना जाब विचारला. “सगळे विचारतात तो किल्ला डावीकडे. दोन मिनिटं! तुम्ही उजवीकडे हात दाखवता. उजवीकडे मासळीबाजार, शरीफांचं घर, आणि गोल फिरून पुन्हा आपलंच दार!”

“असं होय!” मामा म्हणाले. “डोळा, पोरी, डोळा. हात कुठे जातो ते मेलं दिसतच नाही.”

“म्हणूनच एकोणीस तारीख!”

“हां, ते राहिलंच. एकोणीसला जमायचं नाही. हा सगळा हंगामाचा महिना. पुढच्या खेपेला बघू.”

मी ओरडले. हमादी म्हणाला, बी आस्या, हळू, प्रेक्षणीय ठिकाणापाशी आवाज करू नये.

११ जुलै, मंगळवार

डॉक्टर काय म्हणाले ते मामांना स्पष्ट सांगितलं. डोळा जाईल. कायमचा. काळोख.

मामा म्हणाले, “बसायला कशाला लागतो डोळा?”

१३ जुलै, गुरुवार

मंडळाच्या कचेरीत गेले. म्हटलं, चौथी सूचना काढा.

“नऊ हजार प्रती, बी आस्या!” म्वाचिरो कपाळाला हात लावून म्हणाला. “हॉटेलांत गेल्या, विमानतळावर गेल्या. ऑपरेशनच पुढे ढकला ना.”

“माणूस आहे तो! माझा मामा!”

“आमच्या वहीत ठिकाण क्रमांक चार आहे. क्रमांक तीन किल्ला, क्रमांक पाच बंदराची जुनी पायरी. लोकांची सर्वांत जास्त पसंती चारला! किल्ल्याबद्दल आठ तक्रारी आल्या, मामांबद्दल एक नाही.”

“मग मी त्यांना नेते. बघू कोण अडवतं.”

“न्या की. पण ठिकाण कळवल्याशिवाय हलवलं तर माझी बदली.” मग इकडेतिकडे पाहून खाली वाकला, कपाटातून एक फॉर्म काढला. “एक वाट आहे. दुरुस्तीसाठी बंद. चौदा दिवस मिळतात. तपासणी करावी लागेल.”

फॉर्म घेतला. आयुष्यभर यांच्यावर लिहीत आले. पण इतकं चांगलं मला कधी सुचलं नसतं.

१४ जुलै, शुक्रवार

तपासणी! म्वाचिरो टेप घेऊन आला. मामांची बसलेली उंची मोजली. उभी मोजायची गरज नाही म्हणाला, ठिकाण उभं राहत नाही.

“बांधकाम कशाचं? प्रवाळी दगड, लाकूड, की इतर?”

“इतर,” मी म्हटलं.

“बांधल्याचं साल?”

“एकोणीसशे चव्वेचाळीस,” मामा अभिमानानं म्हणाले. “आईनं.”

“पूर्वीची दुरुस्ती?”

“दोन दात. आणि ती सुंता धरायची का?”

म्वाचिरोनं लेखणी थांबवली. विचार केला. “ती मूळ बांधकामात.”

मोडतोडीचं स्वरूप — उजवा डोळा. दुरुस्तीचा काळ — एकोणीस ते एकोणतीस जुलै. पर्यायी व्यवस्था — ही जागा रिकामी. सगळं झाल्यावर म्वाचिरोनं मामांना वाकून सलाम केला आणि जाताना किल्ल्याकडची वाट विचारली. जन्म इथलाच! मला वाटतं, विचारावंसं वाटलं म्हणून विचारली.

मामांनी सही करायला नकार दिला.

१६ जुलै, रविवार

आज भांडले नाही. नुसती ओट्यावर टेकले. वारा चांगला होता. हमादीनं न मागता कॉफी दिली.

मग मामाच बोलले. “आठ वर्षं झाली मला इथे बसून. बंदरावरची नोकरी संपली, तुझी मामी गेली, तेव्हापासून. कोण थांबायचं? सगळे सलाम टाकून पुढे. आता रोज चाळीस माणसं तब्येत विचारतात. आणि उत्तर ऐकतात, पोरी! डोळा बरा झाला तर त्यांना सांगू काय? बरा आहे? दोन शब्द. संपलं.”

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

“तू दिवसातून सहा वेळा जातेस. मी चपलांवरून ओळखतो. उजवी घासते.”

तिसरी सूचना मी लिहिली. परगावच्यांसाठी.

१७ जुलै, सोमवार

मामा तयार! अट एकच — ओटा रिकामा राहता कामा नये. “आलेला माणूस बंद दार बघून गेला तर पुन्हा येत नाही.”

पर्यायी व्यवस्था म्हणून शेबेला बसवून पाहिलं. पलीकडच्या गल्लीतला, मामांचा साठ वर्षांपासूनचा स्पर्धक. वाट अचूक सांगतो, पण तब्येत विचारू देत नाही. “माझ्या तब्येतीशी तुम्हाला काय करायचंय?” एका म्हाताऱ्या जोडप्याला त्यानं रडवलं.

मामा खूश. “पाहिलंस? हे काम कुणालाही जमत नाही.”

“मग कोण?”

मामांनी न दिसणाऱ्या डोळ्यानं बरोबर माझ्याकडे पाहिलं.

“माझा शुक्रवारचा लेख कोण लिहील?”

“ओट्यावर लिही. इथे शुक्रवार रोजच आहे.”

१८ जुलै, मंगळवार

सही झाली. हिरव्या दारावर म्वाचिरोनं स्वतः पाटी लावली — ठिकाण क्रमांक चार, दुरुस्तीसाठी बंद. पर्यायी ठिकाण: बी आस्या. मामांनी पाटीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, अक्षर मोठं आहे ना?

संध्याकाळी मला हळूच म्हणाले, “दुखतं का गं?” आता कळलं. नुसता हंगाम नव्हता तर.

१९ जुलै, बुधवार

झालं. अठरा मिनिटं. त्यांचा हात माझ्या हातात होता, अजून दुखतोय. माझा.

२१ जुलै, शुक्रवार

पट्टी काढली. दिसतंय! पण एकोणतीसपर्यंत धूळ नको. म्हणून मामा वर माझ्या खिडकीत, काळा चष्मा लावून. मी खाली त्यांच्या ओट्यावर. घर उलटं झालं.

मला पाहून पहिलं वाक्य: “आस्या, तू म्हातारी कधी झालीस?” दुरुस्ती जरा जास्तच चांगली झाली आहे.

२४ जुलै, सोमवार

सदतीस आले. तब्येत विचारली. मी म्हटलं बरी आहे. किल्ला डावीकडे, दोन मिनिटं. आभार मानून गेले. सदतीस आले, सदतीस गेले. दुपारी ओट्यावर मी, हमादीच्या भरलेल्या किटल्या आणि एक मांजर.

वरून आवाज — “फार लवकर संपवतेस!”

“काय संपवते?”

खिडकी लागली.

२७ जुलै, गुरुवार

एका बाईनं तब्येत विचारली आणि मी सांगितली. गुडघा, रक्तदाब, संपादक. अर्धा तास! तिनं माझा हात धरला होता. बारा वर्षं दर शुक्रवारी हजारो लोक मला वाचतात, एकानं कधी हात धरला नाही.

मग किल्ला सांगितला, डावीकडे. गेली. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. कशाची?

२९ जुलै, शनिवार

डॉक्टरांनी मामांना वाचायला लावलं. त्यांनी सर्वांत खालची ओळ वाचली, मग छापखान्याचं नावही. ठिकाण खुलं करायला हरकत नाही.

२ ऑगस्ट, बुधवार

मामा ओट्यावर. मी खिडकीत. सकाळी पहिला आला तो उंच, पाठीवर पिशवी. तब्येत, घरचे, वारा — सगळं नीट विचारलं. मामांनी सगळं सांगितलं. दुरुस्तीची नवी गोष्ट तर पाऊण तासाची आहे. मग त्यानं किल्ला विचारला.

मामांनी काळा चष्मा काढला. डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. स्वच्छ, व्यवस्थित पाहिलं. आणि हात वर केला — उजवीकडे!

तो गेला. मासळीबाजार, शरीफांचं घर, गोल फिरून पाव तासात परत इथेच.

मामांनी मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं. चांगला डोळा मिटला आणि उघडला.

मी खाली उतरले. ओट्यापाशी थांबले. तब्येत विचारली. सगळी ऐकली. मग विचारलं — मामा, किल्ल्याकडे कसं जायचं?

उजवीकडे गेले.