फिनेलने धुतलेली डबी

सौ. शिवकन्या हिस,

हिंगोलीहून अंगदची सविनय तक्रार. बॅगेत तू चार पंचे घातलेस, कंगवा मात्र एकही नाही. इथल्या नर्सबाई मला संस्कृतचे गुरुजी न समजता पेशंटच समजतात.

अण्णांचे जुलाब जरा कमी आहेत. काल दोन चमचे पेज घेतली. तुझा गुडघा कसा आहे? निता शाळेत डबा संपवते ना?

फोनवर बोलताना आई शेजारीच असते, म्हणून हे लिहितो. कोणते जंतू आहेत आणि त्यांना कोणतं औषध लागू पडेल, हे पाहायला लॅबने अण्णांच्या शौचाचा नमुना मागितला होता. त्यासाठी निर्जंतुक डबीही दिली. आईने ती आधी फिनेलने घासली.

"सायबाच्या हातात तशीच देऊ व्हय? काय म्हनतीन लोकं?"

डबीतले जंतू मेले, अण्णांच्या पोटातले राहिले. लॅबमध्ये नमुन्यातले जंतू वाढवून पाहतात, पण काहीच वाढलं नाही. दुसरा नमुना दिला, पण तोवर औषधं सुरू झाली होती. आता त्यातही काही सापडेल याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणतात. ते अंदाजाने औषध बदलून पाहताहेत.

आई विचारते, "रिपोट काहून येऊन नाही राहिला?" मी सांगतो, मशीन बंद आहे. सत्यावरची सुभाषितं शिकवून पोट भरणारा माणूस इतकं सफाईने खोटं बोलतो, हे विद्यार्थ्यांना सांगू नकोस.

आज अण्णांनी मला ओळखलं नाही. ते गेले आणि आईला डबीचं कळलं, तर तिला कसं सांभाळायचं, मला खरंच कळत नाही.

तुझाच,
अंगद