एकविसाव्या दिवसाचे गुण

२ फेब्रुवारी
माझी खुर्ची तिला दिली! खिडकीजवळची, एक हात ढिला असलेली.

एकोणतीस वर्षं कृषी महाविद्यालयात मी फळबाग शिकवली, आणि नव्या अभ्यासक्रमाची प्रमुख कोण, तर नर्सरीवाली. बारा वर्षांपूर्वी प्रात्यक्षिकात मी नापास केलेली मुलगी. डोळा भरायचा होता – संत्र्याच्या फांदीवरचा डोळा सालीसकट काढून लिंबाच्या रोपावर बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा. तिची पट्टी वाकडी, गाठ भलतीकडेच, आणि काप पुसलेला नाही. काप कापसानं कोरडा करण्याला माझ्याकडे वीसपैकी पाच गुण. तिला एकूण सहा दिले. ती कॉलेज सोडून गेली. आता तिच्या हाताखाली चाळीस बायका आहेत.

प्राचार्यांनी फोनवर सांगितलं. नर्सरीमालकांची तक्रार म्हणे – तुमची पहिल्या वर्गात पास झालेली मुलं कामावर घेतली की दहापैकी सात रोपं मरतात. म्हणून माझी परीक्षा बंद. गुण त्याच दिवशी द्यायचे नाहीत. एकवीस दिवसांनी द्यायचे, डोळा हिरवा राहिला तर!

निकाल लावायचा की पाळणा हलवत बसायचं?

४ फेब्रुवारी
सूनबाईंनी त्याच अभ्यासक्रमात नाव घातलं आहे. तिचं बियाण्यांचं दुकान गेल्या वर्षी बंद पडलं, तेव्हापासून घरीच असते. चार नर्सऱ्यांनी लिहून दिलंय की या तुकडीला थेट नोकरी. अट एकच, परीक्षा नवी हवी.

जेवताना सारखं ‘मॅडम असं म्हणाल्या, मॅडम तसं म्हणाल्या.’ या घरात आजवर मॅडम म्हणजे मी होते. मुलगा मान खाली घालून हसत होता. भाजी खारट झाली आहे, एवढंच मी बोलले. झाली नव्हती.

६ फेब्रुवारी
बैठकीला गेले. इस्त्रीची साडी, स्वतःचा चाकू, स्वतःचा कापूस. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर वह्यांचे समास पट्टी लावून मोजायच्या. ते वळण माझ्या हाताला आहे.

मी सर्वांसमोर म्हटलं, दोघींनी दहा-दहा डोळे भरू. एकवीस दिवसांनी बघा. माझे जास्त जगले तर माझी परीक्षा कायम. प्राचार्य कबूल झाले. नर्सरीवाली नुसती ‘बरं, मॅडम’ म्हणाली. हा नम्रपणा कुठून शिकली कोण जाणे, माझ्या वर्गात तरी नव्हता.

माझे दहा डोळे चित्रासारखे बसले. काप पुसलेले, गाठी एका रेषेत. ती मात्र काप घेते न घेते तोच डोळा चिकटवते, ओला, रसासकट. गाठी वाकड्याच. बारा वर्षांत सुधारणा शून्य. तरी मुली तिच्याभोवती गोळा, सूनबाई सर्वांत पुढे. माझ्या रोपांना निळी लेबलं, तिच्या रोपांना पिवळी.

१० फेब्रुवारी
तिचा हात माझ्यापेक्षा भरभर चालतो. हे इथेच राहू दे.

१५ फेब्रुवारी
आज उगाच मोजत बसले. एकोणतीस वर्षांत परीक्षेची किती रोपं झाली असतील? हजारो. गुण दिले की दुसऱ्या दिवशी सुट्टी लागायची, पाणी घालायला कोणी नसायचं, म्हणून सगळी कुंपणामागच्या खड्ड्यात. त्यातलं एकही जगलं असतं का, मी कधी पाहिलं नाही. कोणी विचारलंही नाही.

तिनं विचारलं. हेच सहन होत नाही.

२७ फेब्रुवारी
जिंकले. निळी नऊ हिरवी, पिवळी दोन. टाळ्या वाजल्या. माझी परीक्षा कायम. नर्सरीवालीनं एकेक रोप हातात घेऊन पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि वर्गात गेली.

घरी चहा झाला. गोड लागला नाही.

२८ फेब्रुवारी
गाठी माझ्या नव्हत्या.

काल तिथेच दिसलं होतं. निळ्या लेबलाखाली वाकड्या पट्ट्या, पिवळ्याखाली माझ्या सरळ रेषेतल्या सुरेख गाठी आणि आत तपकिरी, सुकलेले डोळे. मी पुसलेले! नर्सरीवालीलाही दिसलं, आणि ती गप्प राहिली. एवढं मोठं मनही तिलाच मिळायचं होतं का? मी मात्र टाळ्या घेतल्या.

निकालाच्या आठवड्यात रोपांना पाणी घालायची पाळी सूनबाईंची होती. सकाळी स्वयंपाकघरात तिला सरळ विचारलं, लेबलं तू बदललीस? तिनं गॅस बंद केला. रडली नाही, सबबही सांगितली नाही.

“आई, तीन आठवडे तुम्ही धड जेवला नाहीत. मला बघवेना.”

“आणि तुझी नोकरी?”

“बघू दुसरीकडे कुठेतरी.”

मी तीन आठवडे मानत होते की ही नर्सरीवालीच्या बाजूची झाली. हिनं नोकरी घालवली, ती माझ्या नऊ हिरव्या डोळ्यांसाठी. भाजीला नावं ठेवणाऱ्या बाईसाठी!

खरं सांगावं तर पोरीला कॉलेजमधून काढतील. न सांगावं तर चार नर्सऱ्यांची दारं तिला आणि तिच्या अख्ख्या तुकडीला बंद.

१ मार्च
सकाळी प्राचार्यांच्या खोलीत गेले. नर्सरीवाली तिथेच होती, माझ्या खुर्चीत. मी उभी राहूनच सांगितलं – लेबलं मी बदलली.

ती उठली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसले नाही.